१० किमीच्या तयारीसाठी गाणी कशी निवडायची? १८० च्या ठेक्यावर तिसऱ्या किमीला दम संपतो

पहाटवारा

नमस्कार मंडळी. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर आठवड्यातून चार दिवस पळते. ५ किमीला ३६ मिनिटं लागतात. डिसेंबरपर्यंत १० किमी न थांबता पळायचं आहे.

घड्याळ मिनिटाला सरासरी १५८ पावलं दाखवतं. १८० पावलं म्हणजे आदर्श, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, म्हणून १८० बीपीएमची (मिनिटाला १८० ठोक्यांची) तयार प्लेलिस्ट लावली. पहिला किमी मस्त जातो, तिसऱ्याला धाप लागते आणि चालावं लागतं. नाशिक ढोलची रेकॉर्डिंगं लावली तर सुरुवातीला पाय बरोबर जुळतात, पण चार-पाच मिनिटांत ठेका पुढे निघून जातो.

विचारायचं असं की माझ्या वेगाला किती बीपीएमची गाणी घ्यावीत? आपल्या मराठी गाण्यांतली कुठली चालतील? आणि रविवारी गंगापूर रोडनं सोमेश्वरच्या बाजूला लांब पळायचं असेल तर कानात काय घालावं?

---

ट्रॅकवाला_काका

ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. हिशेब करून बघू.

५००० मीटर ३६ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला १३९ मीटर. भागिले १५८ पावलं, म्हणजे एक पाऊल साधारण ८८ सेंमी. आता १८० चं गाणं लावलं. पाय ठेक्याबरोबर जातात, पण पावलाची लांबी सवयीनं ८८ च राहते. १८० गुणिले ८८ सेंमी म्हणजे मिनिटाला १५८ मीटर. तुमचा पेस, म्हणजे एका किमीला लागणारा वेळ, ७ मिनिटं १२ सेकंदांवरून ६ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास येतो. दर किमीला जवळजवळ ५० सेकंद जास्त वेगानं पळताय आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही, कारण गाण्यामुळे पहिल्या किमीत कष्ट कमी वाटतात. तिसऱ्या किमीला धाप लागणारच. तुमचा दम कमी नाही, गाणं चुकीचं निवडलंय.

१८० चा आकडा आला कुठून, तेही सांगतो. जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकानं १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली. बहुतेक सगळे १८० किंवा त्याहून जास्त पावलं टाकत होते. पण ते ऑलिंपिकच्या स्पर्धेतले धावपटू होते, स्पर्धेच्या वेगात होते. ७ मिनिटांच्या पेसला पळणाऱ्या माणसासाठी तो नियम नाही. उंची आणि वेग बदलला की पावलांची संख्याही बदलते.

तरीही संख्या थोडी वाढवण्यात फायदा आहे. २०११ साली ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात केलेल्या अभ्यासात, वेग तोच ठेवून पावलं ५ ते १० टक्के वाढवली तर गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो, असं दिसलं. 'वेग तोच ठेवून' हे शब्द महत्त्वाचे. १५८ चे ५ टक्के म्हणजे ८. तेव्हा तुमचं लक्ष्य १६६, आणि तेही दोन टप्प्यांत.

पहिले दोन आठवडे १६२. वेग तोच राहायचा असेल तर पाऊल ८८ वरून ८६ सेंमीवर यायला हवं. फक्त दोन सेंमी. 'पाय पुढे फेकायचा नाही, कमरेखालीच टेकवायचा' एवढं मनात ठेवलं की ते आपोआप होतं. सुरुवातीला ५ मिनिटं झपझप चालणं, मग ५ मिनिटं गाण्याशिवाय पळणं. त्यानंतर १६२ चं गाणं ३ मिनिटं, २ मिनिटं शांत, असं चार वेळा. शांत असतानाही पाऊल तेच राहतंय का, ते मोजायचं. पुढचे दोन आठवडे १६२ वर सलग २० मिनिटं, आणि मग हेच सगळं १६६ वर. पोटऱ्या पहिल्या आठवड्यात भरून येतील. दोन दिवसांत उतरल्या नाहीत किंवा टाचेमागची शीर दुखायला लागली तर सरळ मागच्या टप्प्यावर या.

मोजायची पद्धत: फक्त उजवा पाय टेकला की मोजा, ३० सेकंद, आणि आलेल्या आकड्याला ४ नं गुणा. तिसऱ्या-चौथ्या किमीला मोजा. पहिल्या किमीत सगळेच जास्त पावलं टाकतात. घड्याळाची सरासरी घेऊ नका, त्यात चालणंही धरलेलं असतं.

आणि गाणं चालू असताना अधूनमधून एक पूर्ण वाक्य मोठ्यानं बोलून बघा. मध्ये श्वास घ्यावा लागला तर गाणं तुम्हाला ओढून नेतंय, लगेच बंद करा. १० किमीची पायाभरणी सावकाश पळण्यात असते आणि गाण्यांनी सगळ्यात जास्त नासाडी याच सावकाश दिवसांची होते.

---

धागेनाती

काकांचा हिशेब बरोबर आहे. मी तालाकडून सांगतो, कारण १६२ बीपीएम शोधताना पुष्कळजण एका ठिकाणी हमखास अडकतात.

गाणं थेट १६२ चं असावं असं नाही. ८१ चं गाणंही चालतं, दर ठोक्याला दोन पावलं. पण हे फक्त केरव्याच्या घराण्यातल्या ठेक्यांना लागू आहे. केरवा ८ मात्रांचा: धा गे ना ती, न क धी न. इथे सगळं दोननं भागलं जातं. मात्रा संथ असेल तर दर मात्रेला एक पाऊल, जलद असेल तर एक सोडून एक, म्हणजे धा, ना, न, धी यांवर. भजनी ठेकाही ८ मात्रांचाच, तोही चालतो.

दादऱ्यात मात्र फसगत होते. धा धी ना, धा ती ना, तीन-तीनचा झोका. मोजणारं अ‍ॅप झोक्याचा ठोका पकडतं आणि ८१ दाखवतं. तुम्ही म्हणता, वा, दुप्पट १६२. पण त्या एका ठोक्यात मात्रा तीन आहेत आणि तुम्हाला टाकायची आहेत दोन पावलं. पहिलं धा वर पडतं, दुसरं धी आणि ना यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. पाय सतत अडखळल्यासारखा वाटतो आणि कारण सापडत नाही. पुष्कळ कोळीगीतं आणि गोंधळाच्या बऱ्याच चाली याच झोक्यावर आहेत. ऐकायला कितीही जोमदार असल्या तरी पळायला त्या सोडून द्या. ओळखायची सोपी खूण: टाळी देताना मनात 'एक-दोन-तीन' म्हणता येत असेल तर दादरा, 'एक-दोन' येत असेल तर केरवा.

दादऱ्याचं संथ भावगीत, ज्यात एकेक मात्राच १६० च्या घरात आहे, ते चालतं. ६ ला दोननं भाग जात असल्यानं सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कायम एकाच पायावर येते. रूपक ७ मात्रांचा, त्यामुळे सम एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. ऐकताना छान वाटतं, पळताना गोंधळ. झपताल १० चा असूनही दोन-तीन-दोन-तीन असा तुटतो, तोही नको.

नाशिक ढोल पुढे निघून जातो ते वाजवणाऱ्यांचं कौशल्य आहे. लय चढवत नेणं हाच त्या वादनाचा गाभा. मिरवणुकीत जे अंगावर काटा आणतं तेच ट्रॅकवर तुमचा पेस बिघडवतं. पण टाकून देऊ नका. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा ठेका वेगवेगळा मोजा. बहुतेक वेळा मधे दोन-तीन मिनिटांचा एक स्थिर तुकडा सापडतो. तो कापून घ्यायचा.

पोवाड्यात शाहीर मधेच थांबून बोलतो, आळवतो. पळताना पाय अधांतरी राहतात. लेझीमचा ठेका स्थिर आणि स्वच्छ, माझ्या मते सगळ्यात उत्तम. हलगीचाही तसाच. अभंगाचे दोन भाग करा: सुरुवातीचा संथ भाग चालण्याच्या वॉर्म-अपला, शेवटचा गजर पळायला. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी निघते, तिच्यातली पावली बघा. मृदंगाच्या ठेक्यावर पाऊल बांधणं आपल्याकडे नवीन नाही. चालण्यासाठी ११० ते ११५ चा ठेका ठेवा.

गाण्याचा ठेका मोजायला अ‍ॅपवर सगळा भरवसा ठेवू नका. १५ सेकंद टाळ्या मोजून ४ नं गुणा आणि तोच आकडा अ‍ॅपशी ताडून बघा.

---

पहाटवारा

दोघांचेही मनापासून आभार. दादऱ्याचं तंतोतंत पटलं. माझ्या यादीतली ४ गाणी 'एक-दोन-तीन'ची निघाली आणि नेमकी तीच मला नेहमी खटकायची.

आज मोजलं. चौथ्या किमीला पावलं १५६. फोनमध्ये एमपी३ आहेत त्यांपैकी एक गजर १५४, एक बँजोचं ७८, लेझीमचं एक १७०. १६२ चं एकही नाही. गाण्याचा ठेका बदलता येतो का? आवाज चिरका न होता?

---

ध्वनी_मिस्त्री

येतो. संगणकावर ऑडॅसिटी घ्या, मोफत आहे.

फाइल उघडा, कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा. इफेक्ट मेनूत 'पिच अँड टेंपो' आणि त्यात 'चेंज टेंपो'. शेजारीच 'चेंज स्पीड अँड पिच' असतं, त्याला हात लावू नका. त्यानं ठेक्याबरोबर स्वरही चढतो आणि गायकाचा आवाज बारीक होतो. 'चेंज टेंपो' स्वर तिथेच ठेवतो. खिडकीत बीट्स पर मिनिटच्या दोन चौकटी आहेत: आधीचा १५४, नंतरचा १६२. टक्केवारी तो स्वतः काढतो, इथे साधारण ५.२ येईल. ७८ चं बँजो ८१ करा, ३.८ टक्के. १७० चं लेझीम १६२ ला उतरवा, वजा ४.७.

मर्यादा अशी की ५-६ टक्क्यांपर्यंत कानाला कळतही नाही. १० च्या पुढे गेलात की गायकाचे शब्द तुटल्यासारखे आणि टाळ-ताशाचा ठोका दुहेरी ऐकू येतो. ठोका जितका टोकदार तितका बिघाड आधी दिसतो. म्हणून १४० चं गाणं १६२ ला ओढू नका, दुसरं शोधा.

ढोलचा तुकडा कापताना समेवरच कापा, तिथे लाटेचा उंच सुळका दिसतो. कापलेल्या तुकड्याची पहिली आणि शेवटची १५ सेकंदं मोजा. फरक ३-४ पेक्षा जास्त असेल तर आणखी दोन तुकडे करून प्रत्येक वेगळा १६२ वर आणा.

मग आवाज सारखा करणं. जुनं भक्तिगीत हळू आणि नवं डीजेचं कानठळ्या बसवणारं, असं एकामागून एक आलं की पळताना सारखा फोन काढावा लागतो. इफेक्टमध्ये 'व्हॉल्यूम अँड कम्प्रेशन'खाली 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' आहे. मुळात तिथे उणे २३ एलयूएफएस (सरासरी आवाज मोजायचं एकक) लिहिलेलं असतं, ते फोनवर फार हळू पडतं. उणे १६ करा. ढोलच्या फाइलला उणे १६ वर ठोका फाटू शकतो, कारण सरासरी आवाज कमी आणि ठोके उंच असतात. फाटला तर 'अनडू' करून सगळ्याच फाइली उणे १८ वर घ्या. शेवटी एमपी३ १९२ केबीपीएसला एक्स्पोर्ट.

स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ऑफलाइन उतरवलेली गाणी ऑडॅसिटीत उघडत नाहीत, ती कुलूपबंद असतात. स्वतः विकत घेतलेल्या एमपी३ किंवा सीडीवरच हे काम करा. अ‍ॅपमधूनच ऐकणार असाल तर सेटिंगमध्ये क्रॉसफेड शून्य करा. दोन गाणी एकमेकांत मिसळताना पाच-सहा सेकंद दोन वेगळे ठेके एकदम वाजतात आणि पाऊल तिथेच चुकतं.

---

चारशेमीटर

एक वेगळा मुद्दा. इंटरव्हलच्या दिवशी, म्हणजे थोडं अंतर जोरात, मधे विश्रांती असं पळायच्या दिवशी, गाणी लावूच नका.

संगीत आणि व्यायाम या विषयावर लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्तास कारागेऑर्गिस यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. त्यातून दिसणारी गोष्ट अशी की हलक्या आणि मध्यम जोरावर गाण्यामुळे कष्ट कमी जाणवतात. जोर वाढून धाप लागण्याच्या पातळीवर गेला की हा परिणाम ओसरतो, कारण तेव्हा शरीराकडून येणारे संदेशच मन व्यापून टाकतात. ४०० मीटर जोरात पळताना गाणं तुमचं दुखणं कमी करणार नाही. उलट स्वतःचा श्वास ऐकू न आल्यानं पहिली दोन आवर्तनं प्रमाणाबाहेर वेगात जातील.

स्पर्धेचंही लक्षात ठेवा. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धेच्या जागेत संगीत वाजवणारं उपकरण वापरणं म्हणजे बाहेरची मदत धरली जाते. हौशी गटात आयोजक बहुतेक वेळा सूट देतात, पण नाव नोंदवताना नियमपत्रक वाचा. डिसेंबरची १० किमी एखाद्या स्पर्धेत पळणार असाल तर आठवड्यातला निदान एक दिवस आतापासूनच गाण्याशिवाय ठेवा.

---

डावाकान_मोकळा

आता कानाचं. गंगापूर रोडवर दोन्ही कान गच्च बंद करून पळू नका, ही कळकळीची विनंती आहे.

रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळा. तेव्हा वाहनं तुमच्या डाव्या बाजूनं जातात, म्हणून डावा कान मोकळा आणि इअरबड उजव्या कानात. काही कारणानं डाव्या कडेनं पळावं लागलं तर उलट. नियम एकच, रस्त्याकडचा कान उघडा. उलट दिशेनं येणारे दुचाकीवाले पाठीमागून येतात, त्यांचा आवाज याच कानाला कळतो. जेहान सर्कल आणि बारदान फाट्यासारख्या ठिकाणी गाणं थांबवूनच पुढे जा.

एकच बड वापरायचा तर फोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू करा. हे फार जण विसरतात. जुन्या स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये ताल एका बाजूला आणि गायक दुसऱ्या बाजूला असतो. मोनो केलं नाही तर नेमका ठेकाच ऐकू येत नाही.

कानाबाहेर बसणारे, हाडातून आवाज पोचवणारे हेडफोन रस्त्यासाठी चांगले, दोन्ही कान मोकळे राहतात. पण त्यांत खर्ज कमी. ढोलाची धूम वाहनांच्या आवाजात विरून जाते, ताशाची कडकड, हलगी आणि टाळ मात्र स्पष्ट येतात. म्हणून रस्त्याची यादी वेगळी करा, तिच्यात वरच्या पट्टीचे ठोके असलेली गाणी घ्या. ट्रॅकवर कानात घुसणारे बड चालतील. ते घट्ट बसवले की स्वतःच्या पावलांची धपधप डोक्यात घुमते आणि गाण्याच्या ठेक्यात मिसळते. एक माप लहान रबर लावून बघा, बरंच कमी होतं.

घामासाठी आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाची पातळी) पुरे. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात सलग तासभर पळणार असाल तर आयपीएक्स७ घ्या. पळून झाल्यावर बड लगेच डबीत टाकू नका. घामातल्या मिठानं चार्जिंगची धातूची टोकं काळी पडतात आणि एक बाजू चार्ज व्हायची थांबते. कोरड्या फडक्यानं पुसा, दहा मिनिटं उघडे ठेवा, मग डबीत. गाणं मधेच तुटत असेल तर फोन ज्या बाजूच्या कमरेला आहे ती बाजू बदला. ब्लूटूथची लहर शरीरातून नीट जात नाही.

आवाज किती? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. ९० डेसिबलला फक्त ४ तास. चार दिवस तास-तासभर पळलात आणि आवाज ९० वर ठेवलात तर आठवड्याची मर्यादा पळण्यातच संपली. ट्रॅकवर शांत असताना आवाज ठरवा आणि रस्त्यावर तो वाढवू नका. वाहनांमुळे गाणं ऐकू येत नसेल तर ते बंद ठेवायची जागा आहे असं समजा.

---

पहाटवारा

मोनोचं सेटिंग आत्ताच केलं. एक शेवटचं. रविवारी ७-८ किमी पळताना गाणी सुरुवातीपासून लावू की नंतर?

---

ट्रॅकवाला_काका

नंतर. पहिले ४ किमी गाण्याशिवाय, कारण तेव्हा पाय ताजे असतात आणि वेग वाढवायला निमित्तच शोधत असतात. पाचव्या किमीपासून, पावलं मंदावायला लागली की, १६२ चा लेझीम. पाणी प्यायला थांबाल तेव्हा गाणंही थांबवा. परत सुरू करताना आधी ३० सेकंद स्वतःच्या लयीत पळा, मग गाणं लावा.

सोमेश्वरकडून परत येताना चढ लागला तर ठेका तोच ठेवून पाऊल आणखी आखूड करा, चढावर गाण्याचा खरा उपयोग होतो. उतारावर ठेका पाळायचा प्रयत्न करू नका, तिथे पाय आपोआप लांब पडतात. आणि पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर सराव करणार असाल त्या दिवशी बड घरीच ठेवा. तिथे नजर आणि पाय यांचीच लय हवी.

यादी साधारण ३५ मिनिटांची पुरेल, ९-१० गाणी. दर तीन आठवड्यांनी त्यातली निम्मी बदला. तीच ती ऐकून कान सरावले की पाय ठेका सोडून देतात.